नाशिकहून गडाला जायचं तर गाडी वरून खाली ठरवावी

नाशिकमध्ये सप्तशृंगी गडाला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो "एसटीने जायचं, की गाडी करायची?" आम्ही हा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतो. नाशिकपासून देवीच्या गाभाऱ्यापर्यंतचा प्रवास दिसायला एक असला तरी त्याचे तीन वेगळे तुकडे पडतात. नाशिक, दिंडोरी, वणी, नांदुरी असा सुमारे 55 किलोमीटरचा साधा रस्ता. नांदुरीपासून गडावरच्या वस्तीपर्यंत सुमारे 10 किलोमीटरचा घाट. आणि तिथून वर पायऱ्या किंवा ट्रॉली. दिवस फसतो तो शेवटच्या दोन तुकड्यांत, आणि चर्चा मात्र पहिल्याचीच होत राहते. म्हणून आमची रीत अशी, की आधी पायऱ्यांचा विचार, मग घाटाचा, आणि त्या दोन्हींत जे बसेल ते वाहन नाशिकहून निघताना घ्यायचं.

पायऱ्या साधारण पाचशे आहेत. मूळच्या पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी बांधवून घेतलेल्या. धडधाकट माणूस थांबत थांबत अर्ध्या तासात वर पोहोचतो, वयस्कर माणसं सोबत असली तर तासभर धरावा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं, कारण उतरताना प्रत्येक पायरीला अंगाचा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. दम लागणाऱ्या माणसाचं उलट असतं, त्याचा त्रास चढताना. त्यामुळे एकच बाजू ट्रॉलीने करायची झाली तर गुडघेवाल्यांनी उतरताना करावी आणि दमेकऱ्यांनी चढताना. हृदयाचा त्रास असेल तर दोन्ही बाजू ट्रॉलीनेच, त्यात काटकसर नको.

ही ट्रॉली म्हणजे लोंबकळणारा पाळणा नव्हे. 2018 मध्ये सुरू झालेली ही फ्युनिक्युलर ट्रॉली डोंगराच्या उतारावर टाकलेल्या रुळांवरून चालते. दोन डबे एकाच दोरखंडाला बांधलेले असतात; एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, त्यामुळे एकाचं वजन दुसऱ्याला तोलून धरतं आणि यंत्राला फक्त फरकाचा भार ओढावा लागतो. प्रवास जेमतेम तीन मिनिटांचा. पण या रचनेमुळेच दोन गोष्टी ओघाने येतात. एक म्हणजे फेऱ्यांचा वेग ठरलेला असतो. गर्दी दुप्पट झाली म्हणून आणखी एक डबा जोडता येत नाही, रांगच वाढते. दुसरं म्हणजे बंद पडली किंवा देखभालीसाठी ठेवली की दोन्ही डबे एकदम बंद. देखभालीचे दिवस स्थानिक वर्तमानपत्रांत आधी छापून येतात. वयस्कर माणसांना न्यायचं असेल तर ही एक बातमी पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नये. वर उतरल्यावरही गाभाऱ्यापर्यंत काही पायऱ्या राहतात, तेवढी तयारी ठेवावी लागते.

2022 मध्ये मंदिर दीड महिना बंद ठेवून मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप काढला गेला आणि त्या वर्षीच्या घटस्थापनेला अठरा हातांच्या मूर्तीचं मूळ रूप लोकांसमोर आलं. तेव्हापासून, पूर्वी अनेकदा जाऊन आलेल्या आजी-आजोबांनाही पुन्हा एकदा जायचं असतं. गडाच्या सहलीत सत्तरीपुढचं माणूस असणं ही आता नेहमीचीच गोष्ट धरा, आणि वाहन त्या माणसाकडे बघून ठरवा.

आता घाट. नांदुरीचा घाट लांबीने मोठा नाही, पण अरुंद आहे, वळणं जवळजवळ आहेत आणि एका बाजूला थेट दरी आहे. 2008 च्या जानेवारीत आणि 2023 च्या जुलैत इथे बस दरीत जाण्याचे अपघात झालेले आहेत. भीती घालायची म्हणून हे सांगत नाही. घाटात गाडी चालवण्याचा सराव नसलेल्या माणसाने "नवीन गाडी आहे, देवीच्या पाया पडवून आणू" म्हणून पहिलाच घाट हा निवडू नये, एवढ्यासाठी सांगतो. आपल्या घरात कसाऱ्याला किंवा सापुताऱ्याला नेहमी गाडी नेणारा कोणी असेल तर गोष्ट वेगळी.

सराव असला तरी चुका ठरावीकच होतात. चढताना पाच माणसं आणि सामान भरलेली छोटी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये रेटत ठेवतात, इंजिन गुदमरतं, मग वळणावर मध्येच गिअर टाकायची घाई होते. वळण यायच्या आधीच दुसऱ्यात या. सीएनजीवर गाडीची ताकद थोडी कमी पडते, तेव्हा नांदुरीलाच पेट्रोलवर टाका. त्यासाठी टाकीत पेट्रोल असायला हवं, आणि सीएनजीवाल्यांकडे नेमकं तेच कमी असतं. गॅस नाशिकलाच भरून घ्यावा. समोरून गाडी आली आणि जागा अपुरी असली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उठवणं कठीण असतं.

उतरताना खरी परीक्षा ब्रेकची. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर पॅड तापतात, पकड कमी होत जाते, त्यापुढे ब्रेक ऑइलला उकळी फुटली तर पेडल मऊ लागून खाली जायला लागतं. जळका वास आला की रुंद जागा बघून थांबायचं, पंधरा-वीस मिनिटं गाडी निवू द्यायची. चाकांवर पाणी ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर डी वर न ठेवता खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय वापरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे अजूनही दिसतात; या घाटात तरी तो विचार मनात आणू नका. स्कूटरला इंजिनचा ब्रेक जवळपास लागतच नाही, म्हणून दोघं बसून उतरताना पुढचा-मागचा ब्रेक आलटून-पालटून, सोडून सोडून वापरावा लागतो. दुचाकीवर एकटं जाणाऱ्या तरुणांना हा रस्ता आवडतो, पण पावसाळ्यात धुकं आणि वरून घसरणारे दगड या दोन कारणांसाठी आम्ही दुचाकी नको म्हणतो.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो: त्या दिवशी घाटात खासगी गाडी सोडणार आहेत का? शारदीय नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत, म्हणजे रामनवमी ते चैत्र पौर्णिमा, खासगी वाहनं नांदुरीला अडवतात आणि तिथून वर एसटीच्याच गाड्या चालतात. कोजागिरीला कावडधारकांची मोठी गर्दी असते, तेव्हाही हेच. शिवाय दरडींपासून बचावाच्या कामासाठी घाट काही तास किंवा काही दिवस बंद ठेवल्याच्या सूचना अधूनमधून निघतात. अशा दिवशी नाशिकहून भाड्याने आणलेली गाडी नांदुरीच्या वाहनतळात दिवसभर उभी राहते आणि तिचं भाडं मात्र चढत असतं. यात्रेच्या दिवसांत म्हणून आमचं मत ठाम आहे: घरूनच एसटीने निघावं. नांदुरीला गाडी लावायची, मग एसटीच्या रांगेत उभं राहायचं, परतताना पुन्हा एसटीने नांदुरी आणि तिथे हजारो गाड्यांत आपली शोधायची, यात गाडीचा आराम कुठे उरतो?

एरवीच्या दिवसांत निवड मोकळी असते, आणि तिथे पैसे व माणसं मोजून ठरवावं.

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा 10 रुपये 5 पैशांचा आहे. नाशिक ते गड अकरा टप्पे धरले तर पूर्ण तिकीट 110 रुपयांच्या आसपास येतं. आता सवलती बघा. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट; 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं; 75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत; पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. दोन सवलती एकावर एक चढत नाहीत, म्हणजे सत्तर वर्षांच्या आजींना पाव तिकीट नसतं, अर्धंच. समजा, 76 वर्षांचे आजोबा, 70 च्या आजी, नवरा-बायको आणि आठ वर्षांचा मुलगा असं घर निघालं. आजोबांचं काही नाही, आजी 55, बायको 55, मुलगा 55, नवरा 110. एका बाजूचे 275, दोन्ही बाजूंचे 550. हेच घर स्वतःच्या गाडीने गेलं तर 130 किलोमीटरला, घाट धरून, नऊ-दहा लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे हजाराच्या आसपास. फरक आहे, पण आजोबांना उभं राहून जावं लागलं तर तो फरक वाचवण्यात अर्थ नाही.

75 पूर्ण झालेल्यांनीही शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं असतं, तिकीट तपासनीस आले तर तेच दाखवावं लागतं. वयाच्या पुराव्यासाठी मूळ आधार कार्ड जवळ असावं. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला कार्डाचा फोटो वाहकाने नाकारला तर त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. डिजिलॉकर उघडून दाखवता आलं तर काम होतं. आणि या सवलती एसटीच्या आहेत, सिटीलिंकच्या, म्हणजे नाशिकच्या शहर बससेवेच्या नाहीत. दिंडोरीपर्यंत सिटीलिंकने जाऊन पुढे एसटी धरू असा बेत काही जण करतात. त्यात पैसेही वाचत नाहीत आणि दिंडोरीला भरून आलेल्या गाडीत उभं राहायची वेळ येते.

जागेचंच बोलायचं तर, साध्या गाडीत जागा मिळते ती सुटण्याच्या ठिकाणी. जुनं सीबीएस, मेळा आणि ठक्कर बाजार ही तिन्ही स्थानकं एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत, आणि जिल्ह्यातल्या गाड्यांच्या जागा कामांमुळे, यात्रेमुळे बदलतात. आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारून घेतलं की सकाळी पिशव्या घेऊन एका स्थानकातून दुसऱ्यात धावायला नको. पंचवटीत राहणारी मंडळी दिंडोरी नाक्यावर गाडीला हात करतात. एकट्या माणसाला ते ठीक, पण वयस्कर माणूस बरोबर असेल तर रिक्षाचे पैसे मोडून स्थानकावरच जावं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत अजून चालते, तिला कायद्याचा आधार काही नाही. सगळ्यात चपळ माणसाला आधी वर चढवणं हाच भरवशाचा उपाय.

पाटी मात्र नीट वाचायची. लोकांच्या तोंडी देवी "वणीची", त्यामुळे बाहेरगावचे भाविक वणीच्या गाडीत चढतात आणि वणी गावात उतरतात. वणीला जगदंबेचं स्वतंत्र मंदिर आहे, गड तिथून अजून पंचवीसेक किलोमीटर. पाटीवर "सप्तशृंगी गड" असेल तीच गाडी थेट वर जाते. ती लगेच नसेल तर नांदुरीमार्गे जाणारी कळवणची गाडी धरावी, नांदुरीला उतरावं आणि तिथून गडाची एसटी किंवा जीप घ्यावी. जीपमध्ये माणसं कोंबून भरायला लागले तर पुढच्या गाडीची वाट बघा. घाटात मागच्या फळीवर लटकून जाण्याइतकी घाई देवीलाही नसते.

गाडी भाड्याने करायची तर ठरवण्याआधी किलोमीटरचा हिशेब विचारा. बाहेरगावच्या भाड्याला बरेच जण दिवसाला किमान 300 किलोमीटर लावतात. आपलं अंतर जाऊन-येऊन 130, पण किलोमीटरला 12 रुपये जरी धरले तरी बिल 3600 चं होतं, वर चालकाचा भत्ता आणि पार्किंग वेगळं. म्हणून दर किलोमीटरचा भाव न विचारता "गड जाऊन-येऊन, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, सगळं धरून किती" असं विचारायचं, आणि उत्तर मोबाइलवर लिहून घ्यायचं. सात जणांच्या गाडीत सीएनजीची टाकी मागची जागा खाते. सात माणसं आणि सात पिशव्या बसत नाहीत, हे आधी बघून घ्या. गाडीची नंबरपाटी पिवळी, म्हणजे भाड्याच्या वाहनाची असावी. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी स्वस्त पडते खरी, पण खासगी विम्यावर भाड्याची वाहतूक केली आणि अपघात झाला तर भरपाई अडकते. पंधरा-सतरा जण असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर माणशी स्वस्त पडते. चाळीसच्या पुढे माणसं जमली, सोसायटी किंवा महिला मंडळ निघालं, तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर अख्खी एसटी मिळते. चालक घाटाचा सरावलेला असतो आणि आमच्या मते हा सगळ्यात निर्धोक मार्ग. ॲपवरच्या टॅक्सीने जाणं होतं, पण परतीला गडावरून तशी गाडी मिळेल असं धरून निघू नये. तीच गाडी थांबवून ठेवायचं आधीच ठरवावं लागतं.

रेल्वेचा विचार मनातून काढून टाकावा. गडाजवळ स्थानक नाही. मुंबईहून सकाळच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्यांनी नाशिकरोडला उतरून नऊ-दहा किलोमीटरवरचं सीबीएस गाठायचं आणि मग वरचं सगळं लागू. एका दिवसात मुंबईहून येऊन परत जायचं असेल तर नाशिकरोडवरूनच गाडी केलेली बरी, नाहीतर सगळा वेळ गाड्या बदलण्यात जातो.

रस्ता दोन बाजूंनी आहे. दिंडोरीवरून जवळचा. महामार्गाने ओझर, पिंपळगाव बसवंत आणि तिथून वणी हा लांबचा, पण पिंपळगावपर्यंत चौपदरी. इंदिरानगर, सिडको, नाशिकरोडकडच्या लोकांना शहराच्या आतून दिंडोरी रोडला लागण्यापेक्षा महामार्ग सोयीचा वाटतो. मात्र टोमॅटोच्या आणि कांद्याच्या हंगामात पिंपळगावच्या बाजार समितीकडे जाणाऱ्या पिकअप आणि ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा दिंडोरीच बरी. उलट कादवा कारखान्याचा गाळप हंगाम सुरू असला की दिंडोरीच्या बाजूला उसाने भरलेले ट्रॅक्टर भेटतात, मागे दिवे नसलेले. संध्याकाळी परतताना त्यांची फार काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी सापुताऱ्याला जाणारी गर्दी वणीपर्यंत याच रस्त्यावर असते. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा सोडून गेलात तर वाहन कुठलंही असो, दिवस सोपा जातो.

वेळेचं गणित असं: सकाळी सहाला निघालं की स्वतःच्या गाडीने पावणेदोन-दोन तासांत, एसटीने अडीच तासांपर्यंत वर. म्हणजे साडेआठच्या आसपास रांगेत. दुपारी बाराच्या सुमारास नैवेद्याच्या आरतीसाठी रांग थांबते, त्याआधी दर्शन उरकलेलं बरं. नऊला निघालेले लोक नेमके त्या थांब्यात सापडतात. गाडी लागणाऱ्यांनी गोळी नाशिकलाच घ्यावी, असर व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. नांदुरीला घेतलेली गोळी घाट संपल्यावर काम करते. वयस्करांना ती देण्याआधी डॉक्टरांना विचारा. पोट अगदी रिकामंही नको, एखादी पोळी-भाजी खाऊन निघावं आणि एसटीत पुढच्या बाजूला, चाकावरची जागा टाळून बसावं. वर माकडं फार, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवली तर ती गेलीच म्हणून समजा.

उतरायचं ते दिवसाउजेडी, चार ते पाचच्या दरम्यान. एसटीने आलेल्यांनी गडावर उतरतानाच वाहकाला शेवटच्या नाशिक गाडीची वेळ विचारून ठेवावी, कारण संध्याकाळी बसस्थानकावर येऊन विचारण्यात उशीर झालेला असतो. ती गाडी भरलेली मिळाली किंवा चुकली, तर गडावर ताटकळत न बसता पहिल्या मिळेल त्या वाहनाने नांदुरी गाठायची. तिथे हमरस्त्यावर कळवणकडून नाशिकला येणाऱ्या गाड्या मिळतात. अंधार पडलाच आणि सोबत म्हातारी माणसं असली, तर गडावरच्या भक्तनिवासात खोली बघून सकाळच्या पहिल्या एसटीने खाली यावं.